जेडचे बोन्साय घडवताना : तार, कात्री आणि ठाण्याचा पावसाळा

कोलशेतकर (धागाकर्ता) · ४ ऑक्टोबर

नमस्कार. कोलशेतला आमच्या घराच्या दक्षिणेकडच्या ग्रिलमध्ये गेली ७ वर्षे जेडचे एक झाड आहे. आणले तेव्हा ते काळ्या पिशवीतले करंगळीपेक्षा बारीक रोप होते. आज त्याचा बुंधा मातीलगत ४ सेंटिमीटर जाड आहे आणि उंची ५५ सेंटिमीटर झाली होती. 'झाली होती' म्हणतो, कारण परवा, पाऊस गेल्याची खात्री झाल्यावर, मी ते २४ सेंटिमीटरवर छाटले. घरात दोन दिवस त्याचा सुतकासारखा विषय चालू आहे. ही छाटणी का केली आणि त्याआधीची तीन वर्षे मी कशी फुकट घालवली, हे सविस्तर लिहावेसे वाटले. सक्युलंटच्या, म्हणजे खोडापानांत पाणी साठवणाऱ्या झाडांच्या, बोन्सायबद्दल जे सल्ले वाचायला मिळतात ते बहुतेक कोरड्या हवेच्या प्रदेशांतले असतात, आणि ते जसेच्या तसे ठाण्यात वापरले की झाड जुलै संपायच्या आत मऊ पडते.

पहिली चूक कुंडीची. बोन्साय म्हणजे उथळ कुंडी एवढीच तेव्हा समज होती, म्हणून रोप आणल्या आणल्या मी ते ५ सेंटिमीटर खोलीच्या ट्रेमध्ये लावले. तीन वर्षांत बुंधा जेमतेम अंगठ्याएवढाही झाला नाही. उथळ ट्रे असतो तो तयार झालेल्या झाडाची वाढ आवरण्यासाठी. बुंधा जाड व्हायला हवा असेल तर मुळांना जागा लागते आणि वर भरपूर पाने लागतात. चौथ्या वर्षी मी ते १२ इंची कुंडीत हलवले आणि दोन वर्षे त्याला कात्री लावली नाही. बुंध्याची निम्म्याहून अधिक जाडी त्या दोन वर्षांतली आहे.

दुसरी चूक तारेची. पिंपळाच्या बोन्सायला तार गुंडाळताना पाहिले होते, त्याच थाटात मी जुलैच्या एका रविवारी जेडची फांदी वाकवायला घेतली. पाणी पिऊन टम्म झालेली ती फांदी काकडी मोडावी तशी कट्‌कन मोडली आणि बोटे ओली झाली. दुसरी फांदी वाकली खरी, पण तार काढायला मला दोन महिने उशीर झाला; तेवढ्या अवधीत फांदी फुगली, तार सालीत रुतली आणि मळसूत्राचे आटे असावेत तसे वळ तिच्यावर उमटले. ते आजही आहेत. पिंपळाची फांदी वाकवून ठेवली की तिच्यावर नवे लाकूड चढत जाते आणि ते लाकूडच ती वाकण धरून ठेवते. जेडच्या फांदीत लाकूड थोडे आणि पाणी साठवणारा गर जास्त, त्यामुळे तार काढली की फांदी बरीचशी पूर्वपदावर येते, वळ मात्र राहतात.

मग मी तार सोडून कात्री धरली. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात रुळलेल्या लिंगनान शैलीत फांद्या वाकवण्यापेक्षा छाटून, वाढू देऊन, पुन्हा छाटून वळण घडवतात. जेडला ही पद्धत इतकी मानवते की जणू त्याच्यासाठीच काढली असावी. कारण त्याच्या पानांच्या मांडणीत आहे. जेडची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोन करून बसते. म्हणजे एक जोडी डावी-उजवी असेल, तर तिच्या वरची पुढे-मागे आणि तिच्याही वरची पुन्हा डावी-उजवी. पाने गळून गेली तरी प्रत्येक पेऱ्यावर एक बारीक कंगोरा राहतो, नखाने चाचपला तर लागतो. त्या कंगोऱ्याच्या वर छाट घेतली की तिथले दोन्ही डोळे फुटतात. छाटण्याआधी फक्त पाहायचे की खालचा कंगोरा कोणत्या दिशेच्या पानांचा आहे. फांद्या त्याच दिशांना निघतील. दोहोंपैकी नको असलेला कोंब तांदळाएवढा असतानाच बोटाने खुडून टाकला की वळण मिळाले, आणि तेही तारेशिवाय.

छाट कंगोऱ्याला चिकटून घेऊ नये, वर अर्धा सेंटिमीटर खुंट ठेवावा. तो आठ-पंधरा दिवसांत सुकून आपोआप गळतो. ब्लेड स्पिरिटने पुसलेले असावे. छाटल्यावर पुढचे किमान आठ दिवस मी पाणी देत नाही.

आता माझा प्रश्न. नव्या २४ सेंटिमीटर उंचीत, मातीपासून १५ सेंटिमीटरवर, बुंध्याची सरळ बेचकी झाली आहे. डावा फाटा जाड आणि उन्हाकडे झुकलेला आहे, उजवा बारीक पण डौलदार आहे. दोन्ही ठेवले तर झाड गलोलीसारखे दिसते. कोणता ठेवावा?

मृद्गंध (नेरूळ) · ४ ऑक्टोबर

उत्तर देण्याआधी एक विचारते, काका : तुमचे झाड नेमके कोणते आहे? 'जेड' या एकाच नावाखाली आपल्याकडे दोन निरनिराळी झाडे विकली जातात. एक क्रासुला ओव्हाटा, ज्याचे पान मोठे, जाड आणि गुळगुळीत असते, बरेचदा ३ सेंटिमीटरच्या पुढचे. दुसरे पोर्चुलाकारिया आफ्रा, ज्याचे पान नखाएवढे आणि कोवळी फांदी तांबूस, लवचीक असते. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेकडची, पण कुळे वेगळी. मला एका रोपवाटिकेत पहिले झाड 'ओरिजिनल जेड' म्हणून तिप्पट किमतीला दिले गेले होते आणि दुसरे 'साधे जेड' म्हणून. बोन्सायच्या दृष्टीने मात्र ते साधेच जास्त कामाचे आहे, कारण झाड लहान ठेवायचे असेल तर पानही त्या मापात शोभायला हवे. वीतभर उंचीच्या झाडाला ५ सेंटिमीटरचे पान म्हणजे बाळाच्या डोक्यावर आजोबांची टोपी.

पोर्चुलाकारियाला तिकडे 'स्पेकबूम' म्हणतात आणि ते हत्तींचे आवडते खाद्य आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या अड्डो परिसरातले हत्ती ही झाडे वरून ओरबाडतात. त्यामुळे खालच्या फांद्या शाबूत राहून जमिनीलगत पसरतात आणि तुटून पडलेले तुकडेही मूळ धरतात. ज्या झाडाने पिढ्यान्‌पिढ्या असे मोडून घेतले, ते तुमच्या कात्रीला घाबरणार नाही, हे घरच्यांना सांगा.

कोलशेतकर · ५ ऑक्टोबर

मृद्गंधताई, माझे नखाएवढ्या पानाचेच आहे, पोर्चुलाकारिया. हत्तींची गोष्ट घरात सांगितली. आमच्या आईने उत्तर दिले की हत्ती निदान खातो तरी, तू नुसतेच कापून ठेवलेस.

सुमती, नौपाडा · ५ ऑक्टोबर

तुमच्या आईंच्या बाजूने मीही आहे असे सांगून सुरुवात करते. आमच्याकडे तर आणखी पेच आहे. सासूबाईंना जेड पैशाचे झाड म्हणून दारात हवे आहे, आणि बोन्साय घरात ठेवले की भरभराट खुंटते म्हणून नको आहे. मग जेडचे बोन्साय शुभ की अशुभ, यावर आमच्याकडे गेल्या गणपतीत सगळ्या पाहुण्यांसमोर चर्चा झाली. शेवटी ते 'छाटलेले जेड' आहे, बोन्साय नव्हे, असे ठरून कुंडी आत आली.

प्रश्न असा की, पावसाळ्यात माझ्या झाडाच्या फांद्या लांबलचक झाल्या, दोन पानांमधले अंतर तिप्पट झाले आणि पाने फिकट पडली. पाणी मी जास्त घातलेले नाही. ग्रिल दक्षिणेचीच आहे, म्हणजे ऊन भरपूर असायला हवे. मग असे का?

कोलशेतकर · ५ ऑक्टोबर

सुमतीताई, मलाही हे कळायला चार पावसाळे लागले. दक्षिणेच्या ग्रिलमध्ये ऊन भरपूर असते ते हिवाळ्यात. ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या ग्रिलमध्ये सरळ ऊन येतच नाही, आणि जून लागला की वर ढग. डिसेंबरात हाच सूर्य दुपारी क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर येतो आणि ऊन थेट तुमच्या बैठकीच्या खोलीत शिरते. म्हणजे जेव्हा पाणी आणि उबदार हवा असते तेव्हा ऊन नसते. झाड वाढते, पण उजेडाच्या शोधात नुसते ताणले जाते.

ही ताणलेली पेरी नंतर आखूड होत नाहीत. म्हणून जून ते सप्टेंबरमधली वाढ मी हिशेबात धरतच नाही, ऑक्टोबरमध्ये ती सरसकट काढून टाकतो आणि झाडाचा आकार ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत घडवतो. पावसाळ्यात काम एकच : झाड जिवंत ठेवणे. तुमची ग्रिल उत्तरेची असती तर हिशेब उलटा झाला असता, पण उत्तरेच्या ग्रिलमध्ये हिवाळाभर ऊन नसल्याने मी तिथे जेड ठेवणार नाही.

खाडीकाठ (ऐरोली) · ६ ऑक्टोबर

ऑक्टोबरच्या छाटणीबद्दल माझे मत वेगळे आहे. मी गच्चीवर काम करतो, वर पारदर्शक पत्रा आहे, चारी बाजूंनी उजेड आणि खाडीचा वारा आहे. मी मोठी छाटणी मेच्या पहिल्या आठवड्यात करतो. पोर्चुलाकारिया उन्हाळ्यात जोमात असते. मेमध्ये छाटलेल्या फांद्यांवर दहा-बारा दिवसांत डोळे फुगतात आणि जुलैपर्यंत नवा विस्तार तयार होतो. ऑक्टोबरमध्ये छाटले तर डिसेंबरच्या थंडीत वाढ मंदावते आणि निम्मे काम मार्चवर जाते. तुमची पद्धत ग्रिलसाठी बरोबर असेल, पण ठाण्या-नवी मुंबईतल्या सर्वांसाठी ती एकच रीत आहे असे नवख्यांनी समजू नये.

माझा खरा धडा मुळांचा आहे. दोन वर्षांपूर्वी १० जूनला, पाऊस लांबला म्हणून, मी एका जुन्या झाडाची मुळे छाटून ते नव्या ट्रेमध्ये लावले आणि वड-पिंपळाच्या सवयीने लगेच भरपूर पाणी दिले. चार दिवसांनी पाऊस लागला. पंधराव्या दिवशी बुंधा हाताला पिकलेल्या केळ्यासारखा लागला. मातीलगत कापून पाहिले तर आत तपकिरी लगदा होता आणि आंबूस वास येत होता. वरवर कापत गेलो, प्रत्येक कापात तपकिरी ठिपका, शेवटी टोकाच्या दोन फांद्या हिरव्या निघाल्या. त्या वाचल्या, झाड गेले.

इतर बोन्सायना मुळे छाटल्यावर लगेच पाणी लागते, नाहीतर ती सुकतात. सक्युलंटचे नेमके उलट आहे. त्याच्या पोटात पाणी आहेच. छाटलेल्या मुळांच्या उघड्या जखमांना ओली माती लागली की कूज तिथूनच शिरते. आता मी मुळे छाटून झाड सावलीत दोन-तीन दिवस उघडे ठेवतो, कोरड्या मिश्रणात लावतो आणि पहिले पाणी आठ-दहा दिवसांनी देतो. पाने सुरकुततात, ती सुरकुतू द्यावीत.

बेचकीबद्दल : जाड फाटा काढा.

कोलशेतकर · ६ ऑक्टोबर

खाडीकाठ, गच्चीचा मुद्दा मान्य. माझ्या वेळापत्रकामागे ऊन आहे, पंचांग नाही, तेव्हा ज्याला बारा महिने उघडा उजेड आहे त्याने मेमध्येच छाटावे. मात्र मुळांना हात जून ते सप्टेंबर कोणीच लावू नये, यावर आपले एकमत दिसते.

मिश्रणाचे विचारले नसले तरी सांगतो, कारण कुजण्याचे निम्मे मूळ तिथे आहे. कोकोपीट मी पूर्ण बंद केले. आपल्या हवेत ते आठवडाभर ओलेच राहते. दोन भाग विटांचा चुरा, एक भाग जाड नदीची रेती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत. चुरा गव्हाच्या चाळणीतून खाली पडेल आणि रव्याच्या चाळणीवर राहील तेवढाच घ्यायचा. खालची धूळ ट्रेच्या तळाशी चिखल करून भोके बुजवते. नवी मुंबईकरांनी खाडीकाठची वाळू आणू नये, तिच्यात मीठ असते.

येऊरवासी · ७ ऑक्टोबर

धागा आवडला, पण तारेवर इतका अन्याय नको. क्रासुलाला तार लावू नये हे खरे. पोर्चुलाकारियाला मी गेली अनेक वर्षे तार लावतो आणि वळणे टिकतात, अट एवढीच की आधी झाडाला तहान लावावी लागते. पंधरा दिवस पाणी तोडायचे. पाने जराशी मऊ पडली, दोन बोटांत धरल्यावर दबू लागली, की फांदीही नरम होते आणि जी एरवी मोडली असती ती वाकते. तुम्ही भर जुलैत, पाणी प्यायलेल्या फांदीला हात घातलात. दोष तारेचा नव्हता.

तार ॲल्युमिनियमचीच, पेन्सिलीएवढ्या फांदीला साधारण २ मिलिमीटरची. तांब्याची कडक होते आणि काढताना फांदी सोलते. ज्या फांदीवर तार घालायची तिची पाने आधी खुडून घ्यावीत, म्हणजे तार पानांखाली अडकत नाही आणि उघड्या पेऱ्यांवर नवे डोळेही जागे होतात. गुंडाळी सैल, इतकी की तार आणि साल यांमधून पोस्टकार्ड सरकेल. तिसऱ्या आठवड्यापासून दर दोन दिवसांनी पाहायचे, आणि तार सालीला टेकलेली दिसली की सोडवण्याच्या फंदात न पडता पक्कडीने तुकडे करून काढायची. वळण बसले नसेल तर महिन्याने पुन्हा, थोडी वर किंवा खाली सरकवून. ज्यांना हे सांभाळता येणार नाही त्यांनी फांदीला मऊ सुतळी बांधून कुंडीच्या काठाला ताण द्यावा. सुतळी रुतली तरी एकाच जागी रुतते.

बेचकीबाबत खाडीकाठ यांच्याशी सहमत. जाड फाटा ठेवलात तर खालचा बुंधा आणि वरचा शेंडा एकाच जाडीचे दिसतील आणि झाड खांबासारखे वाटेल. बारीक फाटा शेंडा म्हणून वर घेतला की बुंधा मातीकडून वर निमुळता होत गेल्याचा भास होतो, आणि झाडाचे वय त्या निमुळतेपणातच दिसते. बुंध्याच्या जाडीच्या सहापट उंची हा ठोकताळा तुम्ही २४ सेंटिमीटर ठरवताना वापरलेला दिसतोच.

कोलशेतकर · ७ ऑक्टोबर

ठोकताळा ओळखलात. पोस्टकार्डची खूण लिहून ठेवली; पंधरा दिवसांची तहान मला सुचली नव्हती. जुलैतल्या त्या रविवारचा दोष माझ्याकडे घेतो.

परंपरावादी · ८ ऑक्टोबर

सर्वांचा आदर राखून लिहितो की याला बोन्साय म्हणावे का, याविषयी मला शंका आहे. ज्या झाडाला खरे लाकूड नाही, ज्याच्यावर सुकलेल्या फांदीचे 'जिन' किंवा सोललेल्या बुंध्याचे 'शारी' करता येत नाही, ते झाडाचा केवळ आभास निर्माण करते. जुनिपरशी किंवा वडाशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

मृद्गंध (नेरूळ) · ८ ऑक्टोबर

'बोन्साय' या जपानी शब्दाचा अर्थ ट्रेमध्ये लावलेले, एवढाच आहे. त्यात लाकडाची अट नाही. मृत लाकडाबद्दल मात्र आपले बरोबर आहे. जेडवर सोललेला भाग टिकत नाही, आपल्या पावसाळ्यात तर तो आठवड्यात बुरशीने भरतो. आणि आभास म्हणाल तर वीतभर वडाला पाराचा वड म्हणून पाहणे हाही आभासच आहे की.

शिवाय आपल्या दमट हवेत या झाडाचा एक गुण दिसतो, त्याकडे लक्ष वेधते. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या पोर्चुलाकारियाच्या जाड फांद्यांच्या खालच्या बाजूने गुलाबी, सुईच्या टोकाएवढी मुळे निघतात. पाऊस ओसरला की सुकतात. गेल्या वर्षी मी त्यांतल्या दोन मुळांभोवती शीतपेयाची कागदी नळी उभी चिरून बसवली, आत ओला चुरा भरला. एक मूळ सुकले. दुसरे सप्टेंबरात मातीपर्यंत पोचले आणि आता सुतळीएवढे जाड आहे. पारंबी म्हणायला अजून धाडस होत नाही.

बेलापूर-सेक्टर · ९ ऑक्टोबर

मी जेडऐवजी अडेनियमवर काम करतो, तेही सक्युलंटच, म्हणून इथेच विचारतो. बुंधा मुळ्यासारखा फुगला आहे पण सगळा मातीत आहे. तो उघडा कसा करावा? आणि गावाकडे कुंपणाला शेर असतो, त्याचे बोन्साय कोणी केले आहे का?

येऊरवासी · ९ ऑक्टोबर

अडेनियम दर वेळी कुंडी बदलताना २-३ सेंटिमीटर वर उचलून लावा, एकदम सगळे उघडे करू नका. जी साल मातीत वाढली ती कोवळी असते आणि मार्चच्या उन्हात भाजते. तिला आठवडाभर सावलीची सवय द्यावी. वर आणताना खाली सरळ जाणारी मुळे कापा, आडवी ठेवा, आणि त्यांच्या खाली एक सपाट फरशीचा तुकडा ठेवा म्हणजे ती बाजूला पसरतील. छाटणी फेब्रुवारीच्या शेवटी. हातमोजे घाला. याचा चीक हृदयावर परिणाम करणारे विष आहे, आफ्रिकेत काही जमाती तो बाणांना लावत आल्या आहेत.

शेराबद्दल माझे स्पष्ट मत असे की ते नको. छाटले की पांढरा चीक उडतो आणि तो डोळ्यांत गेला तर काही काळ दृष्टी जाण्याइतकी इजा होते. कुंपणाचे काम ते उत्तम करते, तिथेच राहू द्यावे.

सुमती, नौपाडा · ११ ऑक्टोबर

माझे झाड काल छाटले. सासूबाई देवळात गेल्या होत्या तेवढ्या वेळात. खालच्या बेचक्यांमध्ये कापसासारखे पांढरे काही दिसले. तो पिठ्या ढेकूण असावा असे वाटते. काय करावे?

खाडीकाठ (ऐरोली) · ११ ऑक्टोबर

तोच आहे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक बेचकी पुसून घ्या, चार दिवसांनी पुन्हा, आणखी चार दिवसांनी पुन्हा. मुंग्या दिसल्या तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्या या किडीला इकडून तिकडे वाहून नेतात. आणि कुंडी इतरांपासून दूर ठेवा.

कोलशेतकर · १८ डिसेंबर

धागा वर काढतो आहे, कारण सांगण्यासारखे झाले आहे.

आपल्या सर्वांच्या सल्ल्याने ९ ऑक्टोबरला जाड डावा फाटा काढला. छाटीची जागा एक रुपयाच्या नाण्याएवढी होती. तिला काही लावले नाही, फक्त वाऱ्यावर ठेवले. सहा दिवसांत ती खोबऱ्याच्या वाटीसारखी आत ओढली गेली आणि कडक झाली. पहिले पाणी २० ऑक्टोबरला दिले. २९ तारखेला बुंध्यावर, जिथे गेली चार वर्षे एकही पान नव्हते, अशा तीन कंगोऱ्यांवर तांबडे ठिपके दिसले, मोहरीएवढे. आज तिथे सात कोंब आहेत. त्यांतले दोन मागच्या बाजूचे मुद्दाम ठेवले, कारण मागे फांदी नसेल तर झाड भिंतीवर चिकटवलेल्या चित्रासारखे सपाट दिसते. डाव्या बाजूला ८ सेंटिमीटरवर, म्हणजे उंचीच्या एक तृतीयांशावर, एक फांदी हवीच होती. ती नेमकी तिथे आली आहे. हे कौशल्य नाही, कंगोरा तिथे होता.

सगळे जमले असे नाही. उजवा फाटा सरळ करायला येऊरवासींच्या रीतीने पंधरा दिवस तहान लावून नोव्हेंबरात तार घातली. तो मोडला नाही, आणि पोस्टकार्ड सरकवून तपासल्यामुळे वळही पडले नाहीत. पण तार काढल्यावर तो अर्ध्याने परत गेला. जानेवारीत पुन्हा घालणार. दरम्यान सोसायटीच्या कमिटीने ग्रिलमधल्या कुंड्यांच्या वजनाबद्दल पत्र लावले आहे, त्यामुळे १२ इंची कुंडी जाऊन ट्रे यायची वेळ तशीही आली आहे. ट्रे ६ सेंटिमीटर खोल, ३० लांब घेतला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुळे छाटून त्यात लावीन आणि तळाच्या भोकांतून तार ओवून मुळांच्या गड्ड्याला बांधीन, कारण चौदाव्या मजल्यावरच्या वाऱ्यात एवढ्या उथळ ट्रेमधले वजनदार झाड एका रात्रीत कलंडते.

सुमती, नौपाडा · १८ डिसेंबर

फार छान. माझ्या झाडाला अकरा कोंब आले, पिठ्या गेला. सासूबाई म्हणतात आता बरे दिसते. 'बोन्साय' हा शब्द अजून उच्चारलेला नाही. छाटलेल्या फांद्यांचे तुम्ही काय केलेत?

कोलशेतकर · १९ डिसेंबर

पाच दिवस वर्तमानपत्रावर सुकवून त्याच मिश्रणात लावल्या होत्या. नऊपैकी सात मुळे धरून उभ्या आहेत, त्यांतली एक वाकडीतिकडी आहे, म्हणजे बोन्सायला सर्वांत चांगली. रविवारी सकाळी साडेसातला मी तलावपाळीला फिरायला येतो, ज्यांना हव्यात त्यांनी गडकरी रंगायतनच्या बाजूला भेटावे, माझ्या हातात निळी पिशवी असेल. रोपे कोरडीच आणीन. घरी नेऊन लावल्यावर पाणी त्याच दिवशी घालू नये, पुढच्या रविवारी घालावे.

येऊरवासी · १९ डिसेंबर

वाकडी माझी.